तुमच्या आवाजाचा भाव काय? मायक्रोसॉफ्टची लॅब, मराठीचे १०९ तास आणि भिवंडी

फोनवर व्हॉइस टायपिंग मराठीवर ठेवा आणि बोला, 'माझ्या डोळ्यात पाणी आलं.' बहुतेक वेळा अगदी बरोबर उमटेल. आता हेच वाक्य भिवंडीजवळच्या काल्हेरमधल्या किंवा अंजूरमधल्या एखाद्या आगरी आजीला तिच्या पद्धतीने बोलायला सांगा. आगरी बोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' होतो, 'ड'चा बऱ्याचदा 'र' होतो. म्हणजे पाण्याचं पानी, डोळ्याचा डोला, घोड्याचा घोरा. 'पानी' ऐकलं की फोनला ते हिंदी वाटण्याची शक्यता मोठी. 'डोला'चं काय करायचं हे त्याला कळेलच असं नाही. आजी मात्र पिढ्यान्‌पिढ्या जे मराठी बोलत आली, तेच बोलतेय.

फोनला समजणारं मराठी आकाशातून पडत नाही. कुणीतरी माणसं बसवून, त्यांचे आवाज रेकॉर्ड करून, त्यावर मॉडेल शिकवतं. कुणाचे आवाज घ्यायचे, किती घ्यायचे आणि त्याचे पैसे किती द्यायचे, हे आपल्याकडे बऱ्याच अंशी बेंगळुरूतल्या मोजक्या लॅब आणि संस्थांमध्ये ठरतं. या लॅबच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात त्या 'अमुक कंपनीचा नवा एआय' अशा मथळ्यांनी. त्यामागचे पेपर कुणी वाचत नाही. त्यातला एक पेपर तर थेट मराठीवर आहे, आणि तो भिवंडीसारख्या गावाने वाचायलाच हवा असा आहे.

३६ माणसं, १०९ तास

मायक्रोसॉफ्टने भारतातली संशोधन प्रयोगशाळा जानेवारी २००५ मध्ये बेंगळुरूत सुरू केली. (कंपनीने पैसे घालून सॉफ्टवेअर संशोधन करणं आपल्याकडे त्याआधीपासून आहे. टाटांचं टीआरडीडीसी पुण्यात १९८१ सालीच उभं राहिलं होतं.) या लॅबमधल्या एका गटाने साधा प्रश्न घेतला. डेटाचं जे काम शहरातल्या, इंग्रजी येणाऱ्या, कॉम्प्युटर वापरणाऱ्या लोकांना दिलं जातं, ते गावातल्या, फक्त आपली भाषा येणाऱ्या माणसाला स्वस्तातल्या स्मार्टफोनवर करता येईल का?

पहिला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मनू चोप्रा, विवेक सेशाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अँड्रॉइड अॅप बनवलं. स्क्रीनवर हाताने लिहिलेला मराठी किंवा हिंदी शब्द यायचा, तो वाचून टाइप करायचा. दोन आठवड्यांच्या अभ्यासात ग्रामीण भागातल्या लोकांनी ९६.७ टक्के शब्द बरोबर टाइप केले. व्यावसायिक टायपिंग कंपनीच्या कामाच्या तोडीस तोड. आणि यातली भारी गोष्ट अशी की लोक इतक्या उत्साहाने काम करत होते की वापरावर मर्यादा घालावी, अशी शिफारस संशोधकांना करावी लागली. काम मिळत नाही म्हणून ओरड असलेल्या देशात 'लोक जास्त काम करतायत' असा निष्कर्ष निघाला.

दुसरा पेपर २०२० चा. त्याच्या लेखकांत मायक्रोसॉफ्टच्या कलिका बाली, सुनयना सीताराम यांच्याबरोबर आयआयटी मुंबईच्या प्रीती ज्योतीही आहेत. यावेळी काम आवाजाचं होतं आणि भाषा होती मराठी. तीन गट घेतले. गावातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी. एकूण ३६ जणांकडून १०९ तासांचं रेकॉर्डिंग जमलं. निष्कर्ष असा की गरीब गटांनी दिलेला डेटा विद्यार्थ्यांच्या डेटाच्या तोडीचा होता.

वाचायला साधं वाटतं. पण याआधी असं काम द्यायचं तर कॉलेजच्या पोरांनाच, हा रिवाज होता. त्यामागचं कारण 'दर्जा' असं सांगितलं जायचं. १०९ तासांनी ते कारण मोडीत काढलं. म्हणजे यापुढे कुठल्या कंपनीने शहरी, शिकलेल्या आवाजांवरच काम भागवलं, तर ती तिची सोय आहे एवढंच म्हणता येईल. दर्जाचं नाव पुढे करता येणार नाही.

१०९ तास म्हणजे किती कमी

मोठ्या मॉडेलशी तुलना केली की हा आकडा कुठे बसतो ते कळतं. मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या एका संशोधन गटाने जानेवारी २०२३ मध्ये 'व्हॅल-ई' नावाचं मॉडेल दाखवलं. ओळख नसलेल्या माणसाच्या फक्त ३ सेकंदांच्या नमुन्यावरून ते त्याच्या आवाजात बोलतं. ते शिकवायला वापरलेलं इंग्रजी बोलणं होतं ६०,००० तासांचं. मराठीच्या १०९ तासांच्या साधारण ५५० पट.

ओपनएआयचं 'व्हिस्पर' सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. आज कित्येक अॅप्समध्ये बोलणं लिहून काढण्यामागे तेच असतं. त्याला एकूण ६,८०,००० तासांचा ऑडिओ ऐकवला होता. त्यात मराठी ऐकून मराठीतच लिहिणं शिकवण्यासाठी जो ऑडिओ होता, तो एक तासाचाही नव्हता. (मराठी बोलण्याचा इंग्रजीत अनुवाद करण्यासाठीचा ऑडिओ वेगळा होता, तो बराच जास्त होता.) कोट्यवधी लोकांची भाषा आणि एका लेक्चरपेक्षा कमी वेळ! तरीही ते मॉडेल मराठी थोडंफार ओळखतं, कारण इतर भाषांतून शिकलेलं त्याला इथे उपयोगी पडतं. पण ओळखतं ते टीव्हीवरच्या मराठीला. आजीपर्यंत पोचायला बराच वेळ आहे.

वाचलं की बोली गायब

आता एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ, कारण खरी गोम इथे आहे. मॉडेलला शिकवायला नुसता आवाज पुरत नाही. त्या आवाजात काय म्हटलंय ते लिहिलेलं लागतं. हे सगळ्यात स्वस्तात करायचा मार्ग म्हणजे स्क्रीनवर वाक्य दाखवायचं आणि माणसाला ते वाचायला लावायचं. वाक्य आधीच माहीत असतं, त्यामुळे लिहून घेण्याचा खर्च शून्य.

पण माणूस वाचतो तेव्हा तो शाळेत गेलेला असतो. घरी 'पानी' म्हणणारा पोरगा स्क्रीनवर 'पाणी' दिसलं की 'पाणी'च वाचतो. थोडा सावरून, थोडा बाईंसमोर उभा राहिल्यासारखा. आवाज गावातला, पण भाषा पाठ्यपुस्तकातली. गरीब माणसाला काम मिळालं, त्याचा लहेजाही थोडाफार आला, पण त्याची बोली मात्र दारातच राहिली. आणि ज्याला वाचताच येत नाही, त्या आजीला तर या पद्धतीत जागाच नाही.

यावर एक उत्तर आलंय. गुगल आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा 'प्रोजेक्ट वाणी' डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. इथे माणसाला वाक्य देत नाहीत, चित्र दाखवतात. बाजार, शेत, रस्ता असं काहीतरी. आणि सांगतात, यात काय दिसतंय ते तुमच्या भाषेत बोला. शिवाय हा प्रकल्प भाषा धरून चालत नाही, जिल्हा धरून चालतो. देशातले ७७३ जिल्हे, सुमारे १० लाख माणसं, दीड लाख तासांहून जास्त बोलणं, असं उद्दिष्ट आहे. त्यातले सुमारे १५,००० तास लिहून काढायचे आहेत.

जिल्हा धरून जाणं ही माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे, आणि भिवंडी त्याचं उत्तम उदाहरण. 'मराठीचा डेटा हवा' असं म्हटलं की माणूस पुण्याला जातो. भिवंडीला कोण येणार? शहरात उर्दू आणि हिंदी बोलणारे विणकर, पिढ्यांपूर्वी उत्तरेतून आलेले. तेलंगणातून आलेले पद्मशाली, घरी तेलुगू. इथल्याच मातीतले कोकणी मुसलमान, त्यांची वेगळी बोली. आसपासच्या गावांत आगरी, कोळी, कुणबी. वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे सरकलात की वारली आणि कातकरी. भाषेच्या यादीने पाहिलं तर यातलं कुणीच कुठल्या भाषेचा 'चांगला नमुना' नाही. जिल्ह्याने पाहिलं तर मात्र सगळे आत.

पण इथेही गणित करून बघा. १० लाख माणसं भागिले ७७३, म्हणजे एका जिल्ह्याला साधारण १,३०० माणसं. दीड लाख तासांचे होतात जिल्ह्याला सुमारे १९४ तास. गडचिरोलीला हे ठीक आहे. ठाणे जिल्ह्यात पालघर वेगळा काढल्यावरही २०११ च्या जनगणनेनुसार ८० लाखांच्या आसपास लोक होते. सात तालुके, त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर. १,३०० माणसं डोंबिवलीच्या स्टेशनबाहेर एका आठवड्यात मिळतील. त्यात मुरबाडचा ठाकर आणि भिवंडीचा आगरी येईलच याची खात्री जिल्ह्याचा नियम देत नाही. तेवढ्यासाठी तालुका धरूनच जावं लागेल.

पुढचा पेच लिहिण्याचा. आजी 'पानी' म्हणाली. लिहिणाऱ्याने काय लिहायचं, 'पानी' की 'पाणी'? मॉडेल किती चुकतं ते मोजायला 'वर्ड एरर रेट' वापरतात. माणसाने लिहिलेलं खरं धरायचं आणि मॉडेलने त्यातले किती शब्द बदलले, गाळले किंवा जास्तीचे घातले ते मोजायचं. १० शब्दांत ३ चुका, तर ३० टक्के. आता लिहिणाऱ्याने प्रेमाने 'सुधारून' पाणी लिहिलं, तर आजीचं तंतोतंत ऐकणारं मॉडेल नापास होतं आणि तिला दुरुस्त करणारं मॉडेल पास. उलट सगळं बोलीतच लिहिलं, तर आजीने सांगितलेला पत्ता किंवा औषधाचं नाव शोधताना अॅपला ते सापडणार नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही लिहावं, एक जसंच्या तसं आणि एक प्रमाण मराठीत. खर्च वाढतो, हे खरं. पण आगरी बोलणाऱ्या, दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींना त्यातून काम मिळतं, कारण ही दोन्ही मराठी त्यांनाच येतात. बेंगळुरूत बसलेल्या कुणाला ते जमणार नाही.

मीटरवर मजुरी, क्लिपवर मजुरी

आता पैशाकडे येऊ. भिवंडीला हा हिशोब नवा नाही. मागावर बसणाऱ्याला मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते. तास किती गेले याच्याशी मालकाला देणंघेणं नसतं. कापडात दोष निघाला तर कापणी. डेटाचं काम बऱ्याच ठिकाणी अगदी असंच चालतं. अॅमेझॉनच्या 'मेकॅनिकल टर्क'वर, जे २००५ पासून आहे, काम देणारा तुमचं काम नापसंत करू शकतो आणि मग त्याचे पैसे मिळत नाहीत. दिवसभर माग, रात्री मोबाइल, दोन्हीकडे नगावर मजुरी.

मराठीवरच्या त्या प्रयोगांतून जे पुढे आलं ते मात्र वेगळं आहे. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लॅबमधून 'कार्या' ही स्वतंत्र संस्था बाहेर पडली. तिचं म्हणणं असं की आम्ही तासाला किमान ५ डॉलर देतो. आजच्या दराने ४०० रुपयांच्या वर. शिवाय तुम्ही दिलेला डेटा पुन्हा कुणाला विकला गेला तर त्याचा वाटा पुन्हा तुम्हाला, म्हणजे गायकाला मिळते तशी रॉयल्टी. आणि एका माणसाने साधारण १,५०० डॉलर कमावले की त्याने थांबायचं, पुढच्याला जागा द्यायची.

हे ऐकून लगेच हुरळून जाऊ नका. ४०० रुपये तासाला हे गोडाऊनमध्ये पॅकिंगला उभं राहण्यापेक्षा कितीतरी चांगलं, यात वाद नाही. माणकोली, राहनाळ, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. पण गोडाऊनचं काम उद्याही असतं. आवाजाचं काम प्रोजेक्ट असेपर्यंत. मराठीच्या त्या पेपरात ३६ जणांचे १०९ तास म्हणजे माणशी सरासरी ३ तासांचं रेकॉर्डिंग. त्याला लागलेला प्रत्यक्ष वेळ जास्त असणार, तरी यावर घर चालत नाही. फी भरता येते, फोनचा हप्ता जातो. जोडकमाई म्हणून बघितलं तर उत्तम. 'एआयमध्ये करिअर' म्हणून कुणी हे विकत असेल तर झोल आहे.

रॉयल्टीचंही बघा. ती मिळते कारण डेटा बंद ठेवून विकला जातो. वाणीचा डेटा याच्या उलट, तो उघडा ठेवला जातो, कुणीही उतरवून वापरू शकतं. म्हणजे ठाण्यातल्या एखाद्या चार पोरांच्या स्टार्टअपलाही त्यावर मराठी अॅप बनवता येतं. पण बोलणाऱ्याला जे काय मिळायचं ते एकदाच. दोन्हीतलं चांगलं काय? प्रमाण मराठीला गिऱ्हाईक आहे, बँका, कॉल सेंटर, कोर्ट. तिथे रॉयल्टी मागायलाच हवी. आगरीचा किंवा कातकरीचा डेटा कोण विकत घेणार? तिथे तो कुलपात राहण्यापेक्षा उघडा असलेला बरा, फक्त पहिल्यांदा दाम चोख मिळावा.

आवाज दिला की परत घेता येतो का

इथे ती ३ सेकंदांची गोष्ट आठवा. मायक्रोसॉफ्टने व्हॅल-ई लोकांसाठी खुलं केलं नाही, पण आवाजाची नक्कल करणारी साधनं आता इतरत्र सहज मिळतात. तासभर आवाज देणारा माणूस नकलेला लागतो त्याच्या हजारपटीने जास्त सामान देत असतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यातल्या दोन गोष्टी इथे कामाच्या. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत मागता येते. त्यात मराठी, उर्दू, तेलुगू तिन्ही आहेत, म्हणजे भिवंडीतल्या बहुतेकांची सोय झाली. आणि दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे.

पण कायद्यात संशोधनासाठी सूटही आहे. त्या डेटावरून तुमच्याबद्दल व्यक्तिशः काही निर्णय घ्यायचा नसेल आणि ठरवलेले निकष पाळले जात असतील, तर संशोधनासाठी डेटा वापरणाऱ्यावर कायद्याची बरीच बंधनं लागू होत नाहीत. कंपनीच्या लॅबमध्ये संशोधन कुठे संपतं आणि प्रॉडक्ट कुठे सुरू होतं, ही रेघ बाहेरून दिसत नाही. दुसरं असं की सर्व्हरवरची फाइल पुसता येते, पण त्या फाइलवरून मॉडेल जे शिकलं ते पुसायची खात्रीची सोय अजून नाही. उघड्या डेटात तर तुमची क्लिप किती जणांनी उतरवून घेतली तेही कळत नाही.

म्हणून टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सअॅपवर 'आवाज रेकॉर्ड करा, घरबसल्या कमवा' असा मेसेज आला तर आधी बघा की डेटा घेणारा कोण आहे, नुसतं मधल्या एजंटचं नाव पुरेसं नाही. पैसे तासावर की क्लिपवर, आणि क्लिप नापास केली तर कारण सांगणार का, हे विचारा. आवाज फक्त बोलणं ओळखायला वापरणार की कृत्रिम आवाज बनवायलाही, हे लेखी मागा. दुसरं असेल तर भाव कितीतरी जास्त हवा, किंवा सरळ नाही म्हणा. रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले, ओटीपी मागितला, तर तिथेच बंद. आधार क्रमांक मोठ्याने वाचायला लावला तर तर नक्कीच बंद.

पैशाची अपेक्षा न ठेवता आपली बोली आत घालायची असेल, तर मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'वर मराठी आहे. प्रोफाइलमध्ये आपला लहेजा आपल्या शब्दांत लिहिता येतो, म्हणजे 'आगरी, भिवंडी' असं लिहायला कुणी अडवत नाही. डेटा पूर्ण उघडा असतो, त्यामुळे वर सांगितलेला धोका इथेही आहेच. वाक्यं मात्र बहुतेक वाचायचीच असतात. स्क्रीनवर 'पाणी' येणार. तुम्ही 'पानी' वाचलंत तर ती क्लिप दुसऱ्या लोकांकडे ऐकायला जाते आणि दोघांनी 'बरोबर' म्हटलं तरच ती पक्की होते. ऐकण्याचं हे काम कुणालाही करता येतं, त्यासाठी काही रेकॉर्ड करावं लागत नाही, आणि सध्या काल्हेरच्या आजीला 'बरोबर' म्हणणारे दोघे भिवंडीतूनच मिळण्याची शक्यता जास्त आहे.